निवडणूक संपते तेव्हा
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्याच कोणीतरी चार शब्द बोलावे, अशी आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी म्हटले, "अहो बाई, मी सातवी शिकलेली. फार तर मिरचीच्या लोणच्यावर बोलेन." त्या म्हणाल्या, "लोणच्यावर सगळ्याच बोलतात. तुमच्या मनात जे आहे, त्यावर बोला." माझ्या मनात काय आहे, ते त्यांना ठाऊक होते. तेव्हा आज मी गावातल्या दोन पॅनेलांवर, दोन पक्षांवर, आणि त्यांच्यापायी आपल्या घरांना जी चीर पडली आहे, तिच्यावर बोलणार आहे.

कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, हे मी सांगणार नाही. ते ज्याने त्याने मत देताना ठरवावे. आणि माझे बोलणे कोणाला झोंबलेच, तर ते आधी मला झोंबले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आधी घरचेच सांगते. ज्यांच्याविषयी सांगणार आहे, ती माझी धाकटी जाऊ समोर बसली आहे. तिला विचारूनच मी उभी राहिले आहे.

आमच्या ग्रामपंचायतीची गेली निवडणूक डिसेंबर २०२२ मध्ये झाली. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. तेथे पॅनेल असतात. पण कोणत्या पॅनेलच्या पाठीशी कोणता पक्ष उभा आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आमचे यजमान एका पॅनेलमध्ये होते आणि धाकटे दीर दुसऱ्यात. दोघे सख्खे भाऊ. विहीर एक, बांध एक. बैलजोडी गेली आणि ट्रॅक्टर आला, तोही दोघांत एकच. आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव होती. दिरांच्या पॅनेलने माझ्या जावेला उभे केले. आमच्या पॅनेलने दुसऱ्या एका बाईला उभे केले. येथवर काही वावगे झाले नाही. निवडणूक म्हटली की कोणीतरी समोर असणारच.

आम्हा दोघींचा एक बचत गट आहे. त्याचे पैसे जाऊ सांभाळते आणि हिशेबाची वही मी लिहिते. मतदानाला पाच-सहा दिवस उरले असताना माझ्या फोनवर एक मजकूर आला. गटाचे पैसे खाणाऱ्या बाईला तुम्ही मत देणार का, असा त्याचा मतलब होता. नाव नव्हते, पण रोख कोणावर आहे ते आंधळ्यालाही कळले असते. भगिनींनो, वही माझ्या पेटीत होती. शेवटची ओळ माझ्या हातची होती. पै-पैचा मेळ बसलेला होता. हे मला जितके ठाऊक होते, तितके गावात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते.

मी काय करायला हवे होते? वही उचलून चौकात जायला हवे होते. मी काय केले? मी गप्प बसले. आणि त्याहून वाईट म्हणजे तो मजकूर मी आपल्या बोटाने पुढे पाठवला. भजनी मंडळाच्या बायकांना पाठवला, माहेरच्या माणसांनाही पाठवला. मला कोणी धाक घातला नव्हता. आपल्या पॅनेलचे काम आहे, एवढेच मनात होते. घरात खोटे बोलले म्हणून पोराच्या पाठीत धपाटा घालणारी मी, त्या दिवशी मला खोटे हे खोटे वाटलेच नाही.

जाऊ ११ मतांनी पडली. तिच्या पडण्याला माझा तो मजकूर कारण झाला की नाही, हे देवाला ठाऊक. पण ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना, आणि भाऊ भावाशी बोलेना. संक्रांत आली. एकाच गल्लीत, एकाच दिवशी, दोन हळदीकुंकू झाली. एक आमच्या ओसरीवर आणि एक समोर. शेजारच्या म्हाताऱ्या आजी मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, मी कोणाकडे जाऊ? कपाळ तर एकच आहे." आम्ही हसलो. त्या मात्र कोणाकडेच न जाता घरी गेल्या.

मग श्रावण आला आणि कानबाईचा रविवार आला. आपल्या खानदेशात कानबाई म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण पाहुण्या भगिनींसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई बसवतो आणि तिच्या रोटाला सारी भाऊबंदकी जमते. रोटासाठी आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजून घेतात. घरात मुलगा जन्मला की एक मूठ वाढते आणि कोणी देवाघरी गेला की एक मूठ कमी होते. दिरांच्या आणि त्यांच्या दोन मुलांच्या अशा तीन मुठी. मी गहू मोजायला बसले, तेव्हा यजमान म्हणाले, "त्यांच्या मुठी घेऊ नको. ते येणार नाहीत." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "का? माझा पोरगा मेला का?"

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे. आज जे बोलते, ते त्या विचारातून आलेले आहे.

पहिला विचार असा आला की, ही निवडणूकच नको. पार्ट्या नकोत, पॅनेल नकोत, सगळे बिनविरोध करावे म्हणजे भांडण मिटले. पुष्कळ जाणती माणसेही असेच म्हणतात. पण आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवली आणि मी थबकले. नंदुरबार तालुक्यात खोंडामळी म्हणून गाव आहे. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात ग्रामपंचायतींचे मतदान व्हायचे होते. त्याआधी खोंडामळीत आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली लावली गेली. देवळाच्या बांधकामाला जो जास्त रक्कम देईल, त्याला पद द्यायचे आणि बाकीच्यांनी उभे राहायचे नाही, असा तो बेत. उमराण्याची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली आणि खोंडामळीची ४२ लाखांवर, असे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. राज्य निवडणूक आयोगाने चौकशी केली आणि दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

कोणत्याही गावाला नावे ठेवावी म्हणून मी हे सांगत नाही. भांडण नको, आणि देवळालाही चार पैसे मिळतील, असे कित्येकांना मनापासून वाटले असेल. अशा गोष्टी आणखीही गावांत होत असतील. पण विचार करा. बोली लागली की जिच्या पदराला गाठ नाही, ती बाई उभीच राहू शकत नाही. मजुरी करणाऱ्या माणसाच्या मनात सरपंच व्हायचे आले, तरी ते त्याने मनातच ठेवायचे. गाव एक झाले असे दिसते. पण ते एकमत विकत घेतलेले असते. घरात सून सासूपुढे तोंड उघडत नाही, म्हणून त्या घरात सुख आहे असे आपण म्हणतो का?

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात आपल्यातल्या कितीजणी गेल्या असतील. तिथल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घालतात, आणि बायका ओळीने बसून देठ खुडतात. मीही लग्नाआधी एक हंगाम ते काम केले आहे. लिलावाला दोन व्यापारी आले की मिरचीला भाव चढतो. एकच आला तर तो म्हणेल तो भाव. गावकारभाराचेही तसेच आहे. दोन पॅनेल असले की दोघांनाही आपल्या दारी यावे लागते, आपले ऐकावे लागते. एकच असले तर कोण कशाला येईल? तेव्हा दोन पक्ष असणे हा रोग नव्हे, असे माझे पक्के मत झाले आहे.

मग रोग कोणता? मला जो दिसला तो सांगते. निवडणूक मतमोजणीच्या दिवशी संपायला हवी, ती संपतच नाही. निकाल लागला तरी आपण मतदानाच्या आदल्या रात्रीसारखे वागत राहतो. त्याची तीन लक्षणे मी माझ्या घरात आणि गावात पाहिली.

पहिले लक्षण असे की, बोलणे काय आहे ते कोणी पाहत नाही; बोलणारा कोणाचा, एवढेच पाहतात. ग्रामसभेत एका बाईने अंगणवाडीचे छप्पर गळते असे सांगितले. छप्पर खरोखर गळत होते. पण ती 'त्यांची' म्हणून आमची माणसे म्हणाली, "काही गळत नाही." पाऊस तर सगळ्यांच्या पोरांवर पडत होता.

दुसरे लक्षण म्हणजे, काम झाले तर समोरच्याचे नाव होईल, म्हणून काम होऊच द्यायचे नाही. आमच्याकडे सरपंच एका पॅनेलचे निवडून आले आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे झाले. लोकांनी थेट सरपंच निवडावा असा नियम असल्यामुळे असे होऊ शकते. त्या नियमाचीही कहाणी पाहा. २०१७ साली एका सरकारने तो आणला, २०२० साली दुसऱ्या सरकारने काढला, आणि २०२२ साली तिसऱ्या सरकारने परत आणला. थेट निवड बरी की सदस्यांमधून बरी, यावर दोन्ही बाजूंनी चांगले बोलता येईल. पण एकाने विणायचे आणि दुसऱ्याने उसवायचे, असे पाच वर्षांत झाले. वर असे, म्हणून खालीही तसेच. सरपंचांनी आणलेला नळाचा ठराव बहुमताने अडला. बहुमताने आणलेला ठराव सरपंचांकडे अडला. आणि आम्ही दोन्ही पॅनेलांच्या बायका एकाच हातपंपावर हंडे घेऊन उभ्या! हंड्यावर काही पॅनेलचे नाव लिहिलेले नसते.

तिसरे लक्षण फार वाईट. हरणारा हरलो म्हणत नाही आणि जिंकणारा हरलेल्याला जगू देत नाही. हे आपल्या खेड्यातच होते असे समजू नका. अमेरिका केवढा शिकलेला आणि श्रीमंत देश! तेथेही निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव त्यांच्या संसदेच्या इमारतीत घुसला, मोडतोड केली, आणि माणसे दगावली. माझी मुलगी शहाद्याला कॉलेजात जाते. तिने मला फोनवर ती चित्रे दाखवली, तेव्हा मी म्हटले, "शिक्षणाने हा रोग जातो असे मला वाटले होते. तसे काही दिसत नाही."

आता आपल्या राज्याकडे पाहू. २०१९ च्या निवडणुकीत जे पक्ष हातात हात घालून मते मागत होते, ते निकालानंतर वेगळे झाले. आणि जे त्यांच्याविरुद्ध लढले होते, त्यांच्यातले काही त्यांच्यासोबत सरकारात बसले. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. चिन्हे कोणाची, नाव कोणाचे, यासाठी आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे भांडणे गेली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, यात मी पडत नाही. मला फक्त एवढेच दिसते की, वरचे लोक आज एका पंगतीला आणि उद्या दुसऱ्या पंगतीला बसू शकतात. त्यांचे जेवण कुठे अडत नाही. त्यांच्यासाठी आपण शेजारणीशी जे बोलणे टाकले, ते मात्र तसेच टाकलेले राहते. २०१९ साली ज्याच्यावरून आमच्या गल्लीत दोन घरांचे वाजले, ते दोन्ही पुढारी पुढे एकाच व्यासपीठावर दिसले. ती दोन घरे अजून एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात या धोक्याची सूचना दिली होती. धर्मात भक्ती माणसाला तारत असेल, पण राजकारणात माणसाची भक्ती केली तर ती देशाला हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा अर्थ होता. मी कानबाईची भक्ती करते, तिच्यापुढे डोके टेकते, तेथे मी हिशेब मागत नाही. पण सरपंचापुढे, आमदारापुढे, खासदारापुढे डोके टेकायचे नसते. त्यांच्याकडे हिशेबच मागायचा असतो. आपण उलटे करतो. पुढाऱ्याला हिशेब विचारत नाही आणि जावेचा हिशेब बरोबर असूनही तिला चोर ठरवतो.

फोनविषयी दोन शब्द सांगते. फोन वाईट असे मी म्हणणार नाही. मुलगी कॉलेजातून निघाली की त्याच्यामुळेच मला कळते. पण तो फार लाघवी आहे. आपल्याला जे आवडते, तेच तो पुन्हा पुन्हा पुढे करतो. आमच्या यजमानांच्या फोनवर एका पक्षाचे सारे पुण्य आणि दिरांच्या फोनवर त्याच पक्षाचे सारे पाप. दोघे सकाळी एकाच बांधावर उभे असतात, पण दोघांच्या हातांत दोन वेगळी गावे असतात. पूर्वी चहाडी करायला बाईला पदर सावरून शेजारच्या दारी जावे लागे. जाताना वाटेत तिला लाज वाटायला थोडा वेळ मिळे. आता तेवढीही वाट उरली नाही. मला तेवढीच वाट मिळाली असती, तर कदाचित मी परत फिरले असते.

आता आपण बायका काय करू शकतो, ते पाहू. त्याआधी एक जुनी गोष्ट सांगते. १९५१-५२ साली देशाची पहिली निवडणूक झाली. याद्या करायला लोक घरोघरी गेले, तेव्हा कितीतरी बायकांनी आपले नाव सांगितले नाही. कोणी 'अमक्याची बायको' म्हणाली, कोणी 'तमक्याची आई' म्हणाली. अशा सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण मत ज्याचे त्याचे असते आणि त्याला नाव लागते. पुढे आपण नाव सांगायला शिकलो. १९९३ साली पंचायतींत आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. इतके झाल्यावर आता आपण पुन्हा काय म्हणतो आहोत? 'ही अमक्या पॅनेलची, ती तमक्या पॅनेलची.' म्हणजे नवऱ्याच्या नावाआडून बाहेर आलो आणि पॅनेलच्या नावाआड जाऊन बसलो. मला वाटते, आपले नाव आपण दुसऱ्यांदा गाळून घेतो आहोत.

आणि या मताची किंमत किती! अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेकाठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने त्याची जुनी जमीन बुडवली. राज्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र तेथले. थोड्याशा मतदारांसाठी सरकारी माणसे मतदानाचे यंत्र बोटीत घालून पाण्यातून तेथे जातात. एका डोंगरातल्या बाईचे मत मोजावे म्हणून एवढा खटाटोप. मग मत दिल्यानंतर ती बाई काय बोलते, ते ऐकायला आपण चार पावले जाऊ नये का?

मोठी भांडणेही संपतात, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी केवढे रान पेटले होते! शंभरावर माणसे प्राणाला मुकली. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, आणि आपल्या तेव्हाच्या पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातेत गेली. पण सोयरिकी काही तुटल्या नाहीत. निझर-उच्छलच्या लेकी इकडे नांदतात, इकडच्या तिकडे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचे अर्धे अंग महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. गाडी मात्र एकच येते. आणि त्याहून आधीचे सांगायचे, तर ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला गोळीबारात जी पाच मुले पडली, त्यांची नावे आठवा: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. कोणाच्या घरी गुजराती बोलत, कोणाच्या घरी मराठी. शिरीषकुमार तर अवघा पंधरा वर्षांचा होता. ज्या मतासाठी त्या पोरांनी जीव दिला, ते मत आपण शेजारणीचे तोंड न पाहण्यासाठी वापरावे, हे शोभते का?

आपले हे मंडळही त्या निवडणुकीनंतर फुटता फुटता राहिले, हे आपल्याला आठवत असेल. दोन मंडळे करावी असा विचार निघाला होता. सतरंज्या कोणी घ्यायच्या, येथवर बोलणे आले होते. ते घडले नाही, कारण सतरंज्यांची संख्या विषम निघाली, असे आपण थट्टेने म्हणतो. पण पुढच्या वेळी ती सम निघाली तर? म्हणून मी मंडळापुढे चार गोष्टी ठेवते.

पहिली, मंडळात कोणीही कोणत्याही पक्षाची असावी. मतही उघड सांगावे. पण मंडळाच्या सभेत, हळदीकुंकवात आणि सहलीत कोणत्याही पॅनेलचा प्रचार नसावा.

दुसरी, कोणा बाईविषयी वाईट मजकूर फोनवर आला, तर तो पुढे धाडण्याआधी ज्या बाईविषयी आहे, तिच्या दारी जाऊन तिलाच विचारावे. जाण्याचे धैर्य नसेल, तर धाडण्याचाही हक्क नाही.

तिसरी, ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असे कायद्यातच आहे. त्या सभेला आपण दहाजणीही जात नाही. तेथे दोन्ही बाजूंच्या बायकांनी मिळून जावे आणि नळ, अंगणवाडी, रस्त्यावरचा दिवा, एवढेच बोलावे. आपला उमेदवार निवडून आला असेल, तर त्याला सर्वांत आधी आपणच हिशेब विचारावा. समोरच्याच्या चुका काढायला कोणालाही जमते.

चौथी, मतमोजणीनंतर आठ दिवसांच्या आत, जिंकलेल्या आणि हरलेल्या सगळ्या बायकांना मंडळाने एकत्र बोलवावे आणि ओटी भरावी. जी उभी राहिली तिने धाडस केले, हे गावाने तिला सांगावे. निवडणूक संपली, हे कोणीतरी मोठ्याने म्हटल्याशिवाय ती संपत नाही.

आता माझ्या घरचे उरलेले सांगते. त्या कानबाईनंतर गटाची पहिली बैठक झाली, तेव्हा मी वही घेऊन उभी राहिले. पान वाचून दाखवले, शिल्लक वाचून दाखवली, आणि तो मजकूर मी पुढे पाठवला होता, हेही सांगितले. बायका गप्प झाल्या. जाऊ काही बोलली नाही. तिने माझ्या हातून वही घेतली, शेवटचे पान स्वतः पाहिले, आणि वही मला परत दिली. घरी गेल्यावर यजमान माझ्यावर फार रागावले. पॅनेलची नाचक्की केलीस, म्हणाले. आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ते मी सोसले, कारण त्याआधीचे माझे करणे त्याहून वाईट होते.

भाऊ-भाऊ अजून बोलत नाहीत. तुमच्यापुढे खोटे कशाला सांगू? पण गेल्या श्रावणात कानबाईच्या आदल्या संध्याकाळी जाऊ मागल्या दाराने आली. हातात वाटी होती, आणि वाटीत तीन मुठी गहू होते. म्हणाली, "सासूबाईंना द्या." सासूबाईंनी ते गहू आपल्या हाताने आमच्या गव्हात मिसळले. यजमानांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. दीर रोटाला आले नाहीत. धाकटा पुतण्या मात्र आला आणि जेवून गेला.

एवढेच झाले आहे. यंदाच्या श्रावणात काय होते ते पाहू. पुन्हा निवडणूक येईल, तेव्हा जाऊ उभी राहिली तर मी तिला मत देईन की नाही, हे मी तिलाही सांगितलेले नाही. मत गुप्त असते. पण तिच्याविरुद्ध खोटे कोणी बोलले, तर वही घेऊन चौकात मी उभी राहीन, एवढे मी तुम्हा सर्वांसमोर कबूल करते.

 मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनालाही आपण सगळ्याजणी एकाच सतरंजीवर बसलेल्या असू, अशी आशा करून मी आपली रजा घेते.